काकड्याचा सूर आणि श्वासाचा आखाडा

कार्तिकातील पहाट. दिशा अजून उजळलेल्या नाहीत. शिवारात तुरीला फुलोरा आलेला आहे, हळदीची रुंद पाने दवाने ओथंबलेली आहेत आणि घराघरांतून घोंगडी अंगावर ओढून घेण्याचाच मोह अधिक आहे. अशा वेळी देवळातून टाळांचा पहिला झणत्कार उठतो, मृदंगावर थाप पडते आणि पाठोपाठ दहा-पंधरा गळे एकदम मोकळे होतात. कोणाचा स्वर गोड, कोणाचा घोगरा, कोणाचा वार्धक्याने कापरा. परंतु काकड्याच्या त्या मेळ्यात कोणाचाही स्वर परका नसतो. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर चालणारा हा नेम मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे.

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशाला कळमनुरीच्या अलीकडे आखाडा बाळापूर हे बाजाराचे गाव लागते. आखाडा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर तांबडी माती, लंगोट कसलेले मल्ल आणि जोर-बैठका उभ्या राहतात. तालमीत देह घटविला जातो, हे कोणासही पटते. परंतु देवळाच्या सभामंडपात मांडी घालून बसलेला टाळकरीही एका अर्थी आखाड्यातच उतरलेला असतो. तेथे घटविला जातो तो श्वास, आणि श्वासाच्या द्वारे हृदय व मन. भजनाचा पारमार्थिक लाभ संतांनी सांगितलेला आहे. त्यात भर घालण्याचा अधिकार आमच्यासारख्यांस नाही. परंतु त्याच भजनाने या पंचभौतिक देहाचे काय कल्याण होते, आणि ते कल्याण आज आपण आपल्याच हाताने कसे दूर लोटीत आहोत, याचा विचार कार्तिकी एकादशीच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत होणार नाही.

गाणारी भूमी

ही भूमीच मुळी गाणाऱ्यांची आहे. हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे परंपरेने संतशिरोमणी नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, तिथी कार्तिक शुद्ध एकादशी. आज ज्या एकादशीला आपण पंढरीनाथाच्या नावाने उपवास करितो, तीच नामदेवांची जन्मतिथी होय. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या या महापुरुषाने कीर्तनाची पताका पार पंजाबपर्यंत नेली. त्यांची एकसष्ट पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांचे स्मरण आजही भक्तिभावाने केले जाते. त्याच घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते या ऋणानुबंधामुळेच. बाळापूरहून एका बाजूस गेले तर नर्सी, दुसऱ्या बाजूस गेले तर नांदेड. एकीकडे वारकऱ्यांचे भजन आणि दुसरीकडे गुरुद्वारातील शबद-कीर्तन. दोन्हीकडे नामदेवांचेच शब्द गायिले जातात, ही या परिसराची केवढी श्रीमंती!

नामदेवांच्या घरी वावरलेली जनाबाई ही परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. नामदेवांना विसोबा खेचरांकडून गुरूपदेश लाभला तो औंढ्या नागनाथाच्या सान्निध्यात, असे परंपरा सांगते. म्हणजे बाळापूरच्या माणसाने घराच्या उंबऱ्यावर उभे राहून कोणत्याही दिशेस नजर टाकिली, तरी ती कोठल्या ना कोठल्या गाणाऱ्या संतापाशी जाऊन पोहोचते.

अभंगाची लांबी, श्वासाची लांबी

आता देहाकडे वळू. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका मिनिटात साधारणतः बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. चिंता, घाई, भय यांनी ही गती वाढते आणि श्वास उथळ होतो. तो छातीच्या वरच्या भागातच घोटाळतो. गाणाऱ्याला असे करून चालत नाही. त्याला चरणाच्या आरंभी झटकन पोटभर श्वास घ्यावा लागतो आणि तो चरण संपेपर्यंत जपून, पुरवून सोडावा लागतो. मोठ्या अभंगाची घडण सर्वांस परिचित आहे: सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे. संथ चालीत ही अक्षरे आळवावयास किती वेळ लागतो, हे वाचकांनी घड्याळ समोर ठेवून स्वतःच मोजून पाहावे. मग ध्यानात येईल की, कोणीही न शिकविता आपला उच्छ्वास नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लांबला आहे.

या लांबलेल्या उच्छ्वासातच सारे मर्म आहे. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे व पोटापर्यंत पोहोचणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती किंचित मंदावते. श्वास घेताना ती पुन्हा वाढते. उच्छ्वास जितका दीर्घ, तितका हा विसावा अधिक. त्याबरोबरच छाती व पोट यांच्यामधले श्वासपटल पूर्णपणे खालीवर होते, फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा पोहोचते आणि पाठ आपोआप ताठ होते. भजनाला बसलेला म्हातारा टाळ हाती घेताच सरळ का बसतो, याचे एक कारण हेही होय.

यासंबंधी इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे ल्युचानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी केलेला एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. तो २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेवीस निरोगी व्यक्तींना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना लॅटिन भाषेत म्हणावयास लाविली आणि एकदा बौद्धांचा मंत्र जपावयास लाविला. भाषा वेगळी, धर्म वेगळा. परंतु दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला, आणि रक्तदाबातील चढउतार सांभाळून घेणारी शरीराची जी स्वाभाविक यंत्रणा आहे, ती अधिक तत्पर झाल्याचे आढळले. प्रार्थनेचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या घोटले जातात, तेव्हा ते मनुष्याच्या श्वासाच्या मापाने घडत जातात, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. आपली ओवी आणि आपला अभंग यांना तर शतकानुशतके हेच माप लाभलेले आहे.

दुसरी गोष्ट गुंजारवाची. ओठ मिटून नाकातून गुणगुणण्याची क्रिया क्षुल्लक वाटते. परंतु २००२ साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की, गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेने पंधरा पटींनी वाढते. कवटीच्या पोकळ्यांतून, ज्यांना आपण सायनस म्हणतो, हवेची देवघेव त्या कंपनाने वेगाने होते, असा त्याचा अर्थ. यावरून गुणगुणणे म्हणजे सर्दीवरचा रामबाण उपाय, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ओंकाराच्या शेवटचा अनुस्वार मस्तकात घुमतो, हा आपला अनुभव निव्वळ भास नव्हे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

जात्यावरचे औषध

गाणे हे केवळ सभामंडपातले नव्हते. ज्या काळी देवळातल्या भजनात स्त्रियांना क्वचितच जागा मिळे, त्या काळी त्यांचे देऊळ घरातच होते आणि त्याचे नाव जाते. पहाटे दळण मांडावे, खुंटा धरावा आणि पहिली ओवी देवाला वाहून पुढे माहेर, भाऊ, सासर, लेकरू, दुष्काळ, दुखणे सारे काही ओवीत ओवीत जावे. जे दिवसा उजेडी कोणापाशी बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, ही कथा ऐकताना आपण देवाचे वात्सल्य पाहतो, ते योग्यच. परंतु त्या कथेत आणखी एक सत्य दडलेले आहे. जो गातो, तो एकटा राहत नाही. रित्या घरात, अंधाऱ्या पहाटे, खुंट्याला दुसरा हात लागल्याचा अनुभव गाणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आलेला आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावोगावी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. एवढे मोठे मनोगताचे भांडार कोणत्याही रुग्णालयाच्या कागदपत्रांत सापडणार नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांवरचे कष्ट उतरले, हे निःसंशय उत्तम झाले. जाते परत आणा, असे म्हणण्याचा अविचार कोणी करणार नाही. परंतु जात्याबरोबर ओवीही माळ्यावर गेली. कष्ट गेले, त्याबरोबर ते कष्ट सुसह्य करणारे साधनही गेले, आणि मनातले बोलण्याची गरज मात्र तशीच राहिली. आज त्याच घरातली स्त्री तोच भार मुक्याने वाहते, तेव्हा तो डोकेदुखी, निद्रानाश, छातीतील धडधड अशा रूपांनी बाहेर पडू पाहतो. ओवी हे त्यावरचे एकमेव औषध नव्हे; पण ते औषध आपल्या घरचे होते, हे विसरता कामा नये.

मुक्याची वाचा

काकड्याच्या भजनात भूपाळ्या आणि वासुदेवाबरोबर आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशा रूपकांचे अभंगही म्हटले जातात. देहाची व्यंगे पुढे करून संतांनी जीवाची अवस्था वर्णिली. लहानपणी आपणांस ते अभंग विनोदी वाटतात. वय वाढते तसा त्यांचा अर्थ अंगावर येऊ लागतो.

कोणत्याही गावात असे एखादे घर असतेच. घरच्या कर्त्या वडीलधाऱ्यांवरून अर्धांगवायूचा झटका गेलेला असतो. उजवा हात लुळा पडला आहे आणि वाचा गेली आहे. पाणी हवे असेल तर पाणी हा शब्द ओठांवर येत नाही. डोळे भरून येतात, चिडचिड होते, आणि घरातली माणसे समजतात की यांना काही कळेनासे झाले आहे. मग हळूहळू त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. अशा माणसाच्या उशाशी संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला, तर कधी कधी एक विलक्षण गोष्ट घडते. ज्यांना एक शब्द उच्चारता येत नव्हता, ते चालीबरोबर ओळ म्हणू लागतात.

हा चमत्कार नव्हे, आणि तो अपवादही नव्हे. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. चाल, सूर, लय यांचे काम मात्र बरेचसे उजव्या भागावर सोपविलेले असते. डावा भाग दुखावला तरी उजव्या वाटेने सुरात गुंफलेले शब्द बाहेर पडू शकतात. याच तत्त्वावर १९७३ साली अमेरिकेतील बोस्टन येथील चिकित्सकांनी एक उपचारपद्धती मांडली: रोजच्या गरजेची छोटी वाक्ये सुरात, ठेक्यावर, हाताने ताल धरून म्हणवून घ्यावयाची आणि हळूहळू सूर काढून घ्यावयाचा. प्रत्येक रुग्णाला तिचा सारखाच गुण येतो असे नव्हे. आणि गाता येऊ लागले म्हणजे लगेच बोलता येईल असेही नव्हे. त्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावयास हवे. परंतु त्या घरातील माणसांना त्या एका ओळीने जे कळते, त्याचे मोल कसे करावे? आत माणूस आहे, जागा आहे, आपल्याला ओळखतो आहे, हे त्यांना कळते. मग पुन्हा त्यांच्याशी कोणीतरी बोलू लागते.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीतही असेच दिसते. मुलांची नावे पुसली जातात, परंतु बालपणी पाठ झालेली आरती कित्येकदा शेवटपर्यंत टिकते. म्हणून लहानपणी मुलांना पाठ करविलेली स्तोत्रे व अभंग हे त्यांच्या म्हातारपणासाठी जमा केलेले धन समजावे.

एका लयीत धडधडणारी हृदये

एकट्याने गाणे आणि दहांनी मिळून गाणे यांत भेद आहे. वारकरी भजनात एकाने चरण घ्यावयाचा आणि सर्वांनी तो उचलावयाचा, अशी रीत आहे. त्यामुळे सर्वांचा श्वास एकाच ठिकाणी थांबतो, एकाच ठिकाणी सुटतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली समूहगान करणाऱ्या तरुणांच्या हृदयाची गती मोजली, तेव्हा गाण्याच्या चरणांबरोबर सर्वांची हृदयगती एकदमच चढत व उतरत असल्याचे त्यांस आढळले. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, नव्याने एकत्र आलेली अनोळखी माणसे इतर छंदवर्गांपेक्षा गायनवर्गात अधिक त्वरेने एकमेकांशी जवळीक साधतात, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, आजार टाळण्यात आणि आजारातून सावरण्यात गायनादी कलांचा वाटा आहे, असा अभिप्राय दिला.

आपल्या गावांस हे अनुभवाने ठाऊक आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याचे आयुष्य पावसाच्या लहरीवर झुलत असते. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झोडपतो, हळदीचा भाव कोसळतो, मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात. मनाचा तोल अशा वेळी सुटतो तो बहुधा एकटेपणात. भजनाला रोज येणारा माणूस एक दिवस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारी विचारावयास जाते: “काय हो बुवा, काल दिसला नाहीत?” हा एक प्रश्न कित्येकदा माणसाला कड्यावरून मागे खेचतो. टाळकऱ्यांची ओळ ही नुसती गाणाऱ्यांची ओळ नसते. ती गावाने न लिहिता ठेवलेली हजेरी असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वारकऱ्याचे आरोग्य सुधारते ते केवळ गाण्याने, असे म्हणता येणार नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य सुटते, आहार बदलतो, पहाटे उठणे होते, वारीत पायी चालणे होते, सत्संग घडतो. यांतला किती गुण सुराचा आणि किती नेमाचा, याचे वाटप करणे अवघड आहे. परंतु संतांनीही ते वाटप केले नव्हते. त्यांनी नेम, नाम आणि संगत एकाच दोऱ्यात ओवली, कारण एकावाचून दुसरे टिकत नाही हे ते जाणत होते.

गाण्याची मर्यादा

श्रद्धाळू मनाला एक मोह सहज पडतो. एखाद्या साधनाचा गुण कळला की तेच सर्व रोगांवरचे औषध, असे वाटू लागते. म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची, दम्याची किंवा हृदयविकाराची औषधे भजनाच्या भरवशावर बंद करू नयेत. मन सतत खिन्न राहत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर भजनाला अवश्य जावे, पण वैद्याकडेही जावे. दोहोंत विरोध नाही. इंग्लंडमध्ये करोनानंतर दीर्घकाळ धाप लागणाऱ्या दीडशे रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या रुग्णांना सहा आठवडे गायनावर आधारलेले श्वसनाचे शिक्षण देण्यात आले. त्यांच्या मनाची उभारी वाढली, धापेच्या काही बाबतींत उतार पडला. शारीरिक क्षमतेत मात्र तेवढा लक्षणीय फरक पडला नाही. गाण्याचा खरा गुण हा असा आहे: निश्चित, परंतु मर्यादित.

दुसरी मर्यादा संसर्गाची. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावास एकसष्ट माणसे जमली होती. त्यांतील त्रेपन्न जणांना करोनाची लागण झाल्याचे आढळले वा तशी दाट शक्यता दिसली, आणि दोघे दगावले. मोकळ्या गळ्यातून सुरांबरोबर सूक्ष्म तुषारही बाहेर पडतात. म्हणूनच २०२० व २०२१ या दोन वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या आणि लक्षावधी वारकऱ्यांनी घरीच टाळ वाजविले. तो संयमही भक्तीचाच भाग होता. ज्याला खोकला येत आहे, ताप आहे किंवा क्षयाचा उपचार नुकताच सुरू झाला आहे, त्याने बंद खोलीत इतरांसमवेत गाऊ नये. घरच्यांनी त्यास हिणवूही नये.

तिसरी मर्यादा गळ्याची. भक्ती ओरडण्यात नाही. दुसऱ्याहून उंच स्वर लावण्याच्या ईर्ष्येने स्वरतंतू सुजतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञास दाखवावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी एकादशीचा उपवास वैद्याच्या सल्ल्यानेच धरावा. उपाशीपोटी तासन्‌तास उभे राहून गाणे त्यांस घातक ठरू शकते.

भोंगा आणि गळा

आता मनातली खंत. पूर्वी सप्ताहाला गावात ध्वनिवर्धक नव्हता, तेव्हा आवाज पोहोचावा म्हणून सारे गाव गात होते. आज ध्वनिवर्धक आहे, आवाज चार गावांपर्यंत पोहोचतो, आणि गाणारे मात्र चौघेच उरतात. काही ठिकाणी तर तेही नाहीत. पहाटे कळ दाबली की मुद्रित काकडा सुरू होतो आणि कळ दाबणारा पुन्हा निजतो. देव जागा होतो म्हणावे, तर भक्तच झोपलेला!

वर सांगितलेला एकूण एक लाभ हा गाणाऱ्याचा आहे. दीर्घ उच्छ्वास गाणाऱ्याचा, ताठ पाठ गाणाऱ्याची, मोकळे मन गाणाऱ्याचे, दुसऱ्या दिवशी दारी येणारी विचारपूसही गाणाऱ्याचीच. ऐकण्यानेही मन रमते, हे खरे. परंतु भोंगा आपल्या वतीने गाऊ लागला की तो आपल्या वतीने जेवल्यासारखेच होते. पोट आपलेच रिकामे राहते. त्यात भर म्हणून आजारी माणूस, तान्हे मूल, अभ्यास करणारी मुलगी यांची झोपमोड. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे, आणि वसतिभागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. काकडा पहाटेचा असतो. म्हणजे कायद्याने भोंगा बंद केला, तर शिल्लक राहतो तो गळा! आम्हांस तर हा अडथळा न वाटता आशीर्वादच वाटतो. ज्या काकड्याला भोंगा नाही, त्या काकड्याला गाणारे लागतात. आणि गाणारे लागले की कोणालातरी हाक मारावी लागते.

हाक कोणाला मारावी?

औंढ्या नागनाथाची कथा या परिसरातील लहान मुलासही ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. पूजेला अडथळा होतो म्हणून त्यांना उठवून देवळाच्या मागे पाठविण्यात आले. नामदेव तक्रार न करता मागे गेले आणि तेथे गाऊ लागले. आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मागल्या बाजूस राहिला, तो त्यामुळेच, असे भाविक सांगतात.

आज आपल्या घराच्या, आपल्या गावाच्या मागल्या बाजूस कोण बसलेले आहे, हे एकदा वळून पाहावे. वाचा गेलेले वडील आहेत. ओवी विसरलेली आई आहे. आवाज चांगला नाही म्हणून शाळेत गप्प बसविलेला मुलगा आहे. यंदा पीक गेले म्हणून चारचौघांत येणे टाळणारा शेजारी आहे. यांच्या हाती टाळ द्यावा. गाता येते की नाही, हे विचारू नये. वडिलांच्या उशाशी रोज संध्याकाळी पाव तास हरिपाठ म्हणावा, एकाच चालीत, संथपणे. त्यांनी ओळ उचलली तर आनंद, न उचलली तरी त्यांच्या बोटांकडे लक्ष ठेवावे, ताल तेथे उमटतो. आईला तिच्या आईच्या ओव्या विचाराव्यात आणि नातवंडांनी त्या वहीत लिहून घ्याव्यात. शेजाऱ्याला पहाटे हाक मारावी. एक दिवस तो येणार नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित येणार नाही. तिसऱ्या दिवशीही मारावी.

नामदेवांच्या कीर्तनाने देऊळ फिरले. आपल्या गाण्याने देऊळ फिरणार नाही. आपला अधिकार तेवढा नाही. परंतु मागे बसविलेल्या एखाद्या माणसाचे तोंड पुन्हा घराकडे, माणसांकडे, जगण्याकडे फिरले, तर कार्तिकीचा जागर आपल्या घरी पोहोचला असे खुशाल समजावे.

आज रात्री अंथरुणास पाठ टेकण्यापूर्वी माळ्यावरचे टाळ खाली काढावेत, फडक्याने पुसून उशाशी ठेवावेत. पहाटे मृदंगाची थाप ऐकू येईलच. न आली, तर ती आपल्याच घरातून पडावयाची आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.